सुरुंग पेरणारी बोट

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मागच्या गल्लीला अश्विनचं मॉडेलचं वर्कशॉप होतं. धरण म्हणा, साखर कारखाना म्हणा, सांगाल ते तो टेबलावर मावेल एवढं करून द्यायचा. त्या दुपारी त्याने शटर वर केलं, तेव्हा शेजारच्या लेथवाल्याने तोंडात बोटच घातलं. सकाळी धाकट्या भावाचा विधी उरकलेला, डोक्याचा गोटा केलेला माणूस, आणि दुपारी कामावर! पण अश्विनला घरात बसवत नव्हतं. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. निदान हात तरी चालू राहावेत, एवढंच त्याला वाटत होतं.

काम परदेशातल्या एका संग्रहालयाचं होतं. पहिल्या महायुद्धातली, सुरुंग पेरणारी जर्मन पाणबुडी. बोटीला नाव नव्हतं, नुसता नंबर. तिच्या पुढच्या अंगात सहा तिरक्या विहिरी, माथ्यापासून तळापर्यंत आरपार, वरूनही समुद्राला उघड्या आणि खालूनही. एकेका विहिरीत तीन सुरुंग एकावर एक रचलेले. खलाशी त्या विहिरींना अंग घासत ये-जा करायचे, त्यांच्या शेजारीच जेवायचे आणि झोपायचे. ही बोट अंधारात शत्रूच्या बंदराच्या तोंडाशी जायची, पाभरीतून बी पडावं तसे सुरुंग सोडत पुढे सरकायची आणि गुपचूप परत फिरायची.

सुरुंग आपल्या लोखंडी नांगरासकट तळाशी जाऊन बसायचा. त्याला नांगराशी धरून ठेवायला पाण्यात विरघळणारं एक बूच असायचं. ते विरघळलं की सुरुंग दोरावर सुटून वर यायचा आणि एखाद्या जहाजाची वाट बघत पाण्यात उभा राहायचा. मधल्या वेळात बोटीने लांब निघून जायचं. बूच लवकर विरघळलं, तर आपलाच सुरुंग आपल्याच पोटाखाली फुटायचा. अशाही बोटी गेल्या होत्या. तळाशी गेल्यावर आत जिवंत राहिलेली माणसं पत्रा वाजवत बसायची, कोणी ऐकेल म्हणून.

बोटीची ही माहिती वाचताना अश्विनला धाकटा भाऊ भिका आठवायला हवा होता. भिका मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. समुद्रात सुटून वाहत आलेल्या कुठल्याशा युद्धाच्या सुरुंगावर ते जहाज आदळलं. बाकीच्यांची प्रेतं मिळाली, भिकाचं नाही. वर्ष उलटलं, तेव्हा भाऊबंदांनी विधीचा आग्रह धरला. तरीही अश्विनने हे काम नाकारलं नव्हतं, आणि करताना त्याला काही वाटतही नव्हतं. स्वतःच्या या कोरडेपणाची मात्र त्याला आता भीती वाटायला लागली होती.

सकाळी सायखेड्याला, गोदेच्या काठी, दर्भाचा पुतळा मांडला होता. त्यांच्या घराण्याची एक रीत होती. ज्याचं प्रेत मिळालं नाही, त्याला अग्नी देण्याआधी नदीकडे तोंड करून तीन हाका मारायच्या आणि प्रत्येक हाकेनंतर थांबून कान द्यायचा. न जाणो, ओ आलीच तर! अश्विनने दोन हाका मारल्या. गुरुजींना पुढच्या गावाला जायचं होतं, ते घड्याळ बघत होते.

"तिसरी मार रं," त्याची आई वत्सलाबाई म्हणाल्या.

"आई, दोनदा मारली ना? कोणी येत नाही."

"लहानपणी बी तो तिसऱ्या हाकंलाच यायचा."

अश्विनने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुतळ्याला अग्नी दिला. सगळे नातेवाईक गावात थांबले, आई मात्र हट्टाने त्याच्याबरोबर सिडकोतल्या घरी परत आली. भिकाला तेवढंच घर माहीत आहे, म्हणाली.

वर्कशॉपमध्ये आता बोट काचेच्या टाकीत, तळापासून वीतभर वर टेकूंवर बसवलेली होती. संग्रहालयाला चालतं मॉडेल हवं होतं, म्हणून अश्विनने बुचाच्या जागी खडीसाखरेचे खडे बसवले होते. त्याने पहिल्या विहिरीची कळ दाबली. सुरुंग घरंगळत खाली गेला, तळाला टेकला. साखर विरघळायची वाट बघत तो स्टुलावर बसला.

तेवढ्यात वीज गेली. गल्लीतली सगळी मशिनं एकदम बंद पडली. अर्धवट ओढलेल्या शटरखालून येणारा उजेड तेवढा उरला. तेलाच्या वासात दुसराच एक वास मिसळला, ओल्या दोरखंडाचा.

टक्.

टाकीतून आवाज आला. अश्विनने मान वळवली. सुरुंग अजून तळाशीच होता, पाणी स्थिर होतं.

टक्.

बोटीच्या आतून. त्याने तो पत्रा स्वतः झाळला होता, आत बोटभर पोकळीशिवाय काही नव्हतं. पत्रा थंड पडल्याचा आवाज असेल, त्याने मनाला समजावलं. पुढच्या आवाजाची वाट बघितली. तो आला नाही. बराच वेळ आला नाही. मग पुन्हा दोनच... टक्... टक्... आणि थांबणं. कोणीतरी कान देऊन बसल्यासारखं.

अश्विनने पाण्यात हात घालून बोटीवर ठेवला. पत्रा आतून थरथरत होता. चार थेंब तोंडावर उडाले, ओठांना खारट लागले. टाकीत तर नळाचं पाणी भरलं होतं.

दोन हाकांना दोन ओ. आपण सकाळी थांबलोच नाही, नीट ऐकलंच नाही, आणि पेटवून मोकळे झालो! वर्षभर न आलेलं रडू आता एकदम फुटलं.

"भिका..." तो टाकीवर वाकून म्हणाला. "ये रे..."

आवाज थांबला. खडीसाखर विरघळली असावी, सुरुंग दोरावर सुटून हळूच वर आला आणि पाण्यात उभा राहिला. बोटीतून काहीच आलं नाही. हाताखालचा पत्रा निपचित झाला होता. आता आत कोणी नव्हतं, हे त्याला स्वच्छ कळलं.

खिशातला फोन वाजला. आई होती.

"अश्विन, तू हाक मारली का रं आत्ता?" तिचा आवाज किती दिवसांनी हलका झाला होता. "कडी वाजली. एकदाच."

"आई... दार उघडू नको."

"उघडलं बी."

"कोण आहे?"

"दिसत कोणीच नाय. पण उंबऱ्यापासून आतपर्यंत पावलं उमटल्यात, ओली. बोट लावून बघितलं मी, खारट हाय पाणी." तिने ताट घेतल्याचा आवाज आला. "लय दिवसाचा उपाशी असंल. पाट मांडलाय, आता वाढते. तू बी ये लवकर."

"आई, तू बाहेर ये आधी... आई, ऐक..."

ती उत्तर द्यायच्या आत, तिच्या मागे, कोणीतरी पाट पुढे ओढून घेतला.