टेप संपल्यानंतर

दिग्रसच्या बसस्टँडवरून आर्णी रोडला लागलं की डाव्या हाताला माझं दुकान आहे. अर्धं दुकान अब्बांचं, अर्धं माझं. अब्बा, म्हणजे रहमत मिस्त्री, रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करत. आता त्यांच्याकडे कुणी येत नाही, तरी सकाळी आंघोळ करून, डोळ्यांत सुरमा घालून ते खुर्चीवर येऊन बसतात. माझ्या बाजूच्या पाटीवर लिहिलंय : 'बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून तुमचं सगळं परत मिळेल.' पाटी रंगवताना पेंटर म्हणाला होता, "कहकशांताई, 'प्रयत्न करू' असं लिहू काय?" मी नाही म्हटलं. मला माझ्या हाताचा अभिमान होता. अजूनही आहे, हे आधीच सांगून ठेवते.

ते बोंडअळीचं वर्ष. कपाशी बाहेरून हिरवीगार, बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. दिवाळी तोंडावर आली तरी जिनिंगचे भोंगे निम्मे गप्प होते. फवारणी करताना माणसं भोवळ येऊन पडत होती, यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात खाटा पुरत नव्हत्या. बाजारात कुणाला भेटलं की आधी तेच बोलणं.

माझ्या दुकानात मात्र गर्दी होती. कॉम्प्युटरला नवीन अपडेट आलं होतं. रात्रीतून ते आपोआप चढलं आणि सकाळी लोकांच्या हार्ड डिस्क दिसेनाशा झाल्या. फोटो स्टुडिओवाले आले, क्लासवाले आले, एक वकील तर डिस्क रुमालात गुंडाळून, जखमी पाखरू आणावं तसा घेऊन आला. मी एकेक उघडत गेले. अपडेटनंतर डिस्क वारंवार झोपायची आणि दचकून उठायची, त्यात तिचा जीव जायचा. कारण कळलं की भीती उरत नाही. जवळपास सगळ्यांचं सगळं परत मिळालं.

मग देवसिंगकाका आले.

देवसिंग राठोड म्हणजे पोस्टातून निवृत्त झालेले, अरुणावती धरणाकडच्या तांड्याचे. पांढरा शर्ट, खिशाला पेन, ताठ चाल. नोकरीत असल्यापासून त्यांनी एक ध्यास घेतला होता : बंजारा तांड्यांतून हिंडून म्हाताऱ्या माणसांचे आवाज टेप करायचे. टेपरेकॉर्डर अब्बांनीच दुरुस्त करून दिलेला. पुढे कॅसेटी खराब व्हायला लागल्या तेव्हा काका वयाच्या साठीत कॉम्प्युटर शिकले आणि सगळे आवाज डिस्कवर उतरवले. एक डिस्क वापरायची, एक जपून ठेवायची. अपडेट आलं त्या दिवशी दोन्ही जोडलेल्या होत्या.

"दोन्ही गेल्या, पोरी," ते म्हणाले. बसले नाहीत. "कॅसेटी घरात हायेत, पण बुरशी लागली. एक-दोनच वाजते. दिवाळीले तांड्यात सगळ्यायले ऐकवाचं कबूल करून बसलो मी. आमच्या लोकायचं लिहेल काहीच नाही. जे हाय ते ह्या डब्यात."

"मिळेल, काका."

"माही याडी हाय त्यात," ते हळूच म्हणाले. याडी म्हणजे आई.

अब्बा त्यांच्या खुर्चीवरून म्हणाले, "देवसिंगभाऊ, माही पोरगी मेलेल्या डब्यातून आवाज काढते. बिनघोर जा."

मी पुष्कळ डिस्क पाहिल्या आहेत, पण ह्या दोघी वेगळ्या वागल्या. बाकीच्या टिकटिक करत, कुरकुरत. ह्या जोडल्या की शांत राहायच्या आणि हाताला कोमट लागायच्या. मी तुकड्यातुकड्यानं नक्कल उतरवत राहिले आणि एके दुपारी सगळ्या फाइल पडद्यावर आल्या. एकही गेली नव्हती. मी अब्बांकडे पाहिलं, त्यांनी काही न विचारता चहा सांगितला.

फाइल उघडते का हे तपासताना मी हेडफोन लावून काकांच्या आईची उघडली. ढावलो होता तो. लग्न लागून सासरी निघालेली बंजारा नवरी एकेकाच्या गळ्यात पडून जे रडत म्हणते, ते गाणं. मला गोरबोली, म्हणजे बंजाऱ्यांची भाषा, येत नाही. पण तो आवाज कळायला भाषा लागत नव्हती. खरखरीत, खालून वर चढत जाणारा, हट्टी.

काकांनी सांगून ठेवलं होतं की गाणं अर्धंच आहे. ऐन मध्यात कॅसेट संपली होती, आणि दुसरी घेऊन पुन्हा जाण्याआधी आई वारली. पुढच्या ओळी तांड्यात कुणालाच येत नव्हत्या.

गाणं मध्यावर आलं. थांबलं. मी कॅसेटची 'खट' ऐकू येण्याची वाट पाहिली.

'खट' आली नाही. श्वास आला. म्हातारीनं आवंढा गिळला आणि ती पुढे गाऊ लागली.

मला आधी आनंदच झाला. काकांकडून ऐकण्यात चूक झाली असेल, कॅसेट पुरी असेल. गाणं बरंच चाललं. मग माझ्या लक्षात आलं, की तिच्या आवाजामागे एक बारीक करकर आहे, फिरून फिरून येणारी. ती मला ओळखीची वाटली. मी मान वर केली. आमच्या दुकानातला छताचा पंखा तसाच करकरतो.

हेडफोनबाहेरचा आवाज आत येतोय म्हणावं, तर गाणं थांबवलं की करकरही थांबत होती. मी उठून पंखा बंद केला, तो पुरता थांबू दिला आणि तोच भाग पुन्हा लावला.

करकर नव्हती. म्हातारीचा आवाज तेवढा होता, जणू ती आत्ता ह्याच दुकानात बसून गात होती.

मी पंखा पुन्हा लावला नाही. घाम येत असतानाही.

दुसऱ्या दिवशी काकांकडून मूळ कॅसेट मागवून घेतली. त्यांना कारण सांगितलं नाही. अब्बांनी फळीवरून जुनं मशीन काढलं, त्याचं टेप वाचणारं हेड स्पिरिटनं पुसलं, कॅसेट घातली. बुरशीतूनही आवाज आला. गाणं मध्यावर आलं.

खट.

अब्बांनी कॅसेट काढून मला दाखवली. पट्टी पुरी एका चाकावर गेली होती. "इथं संपली, बेटा. ह्याच्यापुढं जागाच नाही."

"मग माझ्याकडे पुढचं कुठून आलं?"

अब्बांनी कॅसेट माझ्या हातात ठेवली. "तू काढलं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात इतका अभिमान होता की मला पुढे काही विचारवेना.

काकांनी दुकानात उभ्यानंच ते ऐकलं. मध्यावर त्यांनी सवयीनं डोळे मिटले. गाणं पुढे गेलं तसे ते उघडले. हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला. गाणं संपलं तेव्हा त्यांच्या मिशा ओल्या झाल्या होत्या.

"पुरं केलं तिनं," ते म्हणाले. "अर्धं काम ठेवाची सवयच नोहती तिले."

"काका, कॅसेटवर हे नाही. मी तपासलं."

"असन."

"मग हे कुठून आलं असेल?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू काहून घाबरून राह्यली? तुहं नाव सांगतो मी तांड्यात."

आणि खरंच सांगितलं. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, तांड्यातल्या लिंबाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. तांड्याचे प्रमुख हरिसिंग नायक यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. अब्बांना खुर्ची दिली. काकांनी माइकवर सांगितलं की हे आवाज मेले होते आणि ह्या पोरीनं जिवंत करून आणले. टाळ्या झाल्या. माझी मान ताठ झाली होती, मला आठवतं.

मग ढावलो लावला. समोर ओढण्या घेतलेल्या बाया बसल्या होत्या, कुणी कापूस वेचून तशाच आलेल्या. अर्ध्यापर्यंतचं गाणं त्यांच्या ओळखीचं होतं, त्या डोलत होत्या. पुढच्या ओळी सुरू झाल्या आणि डोलणं थांबलं. काही ओठ हलायला लागले.

मी ती फाइल कितीतरी वेळा ऐकली होती. त्यात एकटी म्हातारी होती. त्या दुपारी कर्ण्यातून तिच्यामागे आणखी बाया गात होत्या.

मी काकांकडे पाहिलं. ते हसत होते.

पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "ही धुरपती." दुसरी म्हणाली, "अन ही आपली गोमली." नावं येत गेली. मेलेल्यांची. कुणी रडत नव्हतं. आपलं माणूस वरातीत दिसावं तसं सांगत होत्या.

हरिसिंग नायकांच्या बायको झमकीबाई मागे बसल्या होत्या. धिप्पाड बाई, हातभर पांढरी बलोयं, म्हणजे बंजारा बांगड्या. त्या उठून कर्ण्याजवळ आल्या. कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"हा माहा आवाज," त्या म्हणाल्या.

काका म्हणाले, "भाबी, तुमचा आवाज मी कधी टेप केलाच नाही."

"मग माह्यावाचून कोनाचा? असा चढा आवाज हाय कोनाचा तांड्यात?" त्यांनी कमरेवर हात ठेवून सगळ्या बायांकडे पाहिलं. इतकी अभिमानी बाई मी पाहिली नाही.

बाया हसल्या. कुणीतरी मागून ओरडलं, "माहा हाय का पाहा वं त्यात!"

दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत झमकीबाई गेल्या. दुखणं नाही, काही नाही. दुपारी भाकरी खाऊन बाजेवर पडल्या, त्या उठल्या नाहीत. मी भेटायला गेले तेव्हा हरिसिंग नायक म्हणाले, "चांगली गेली. गात गेल्यावानी गेली."

परत आल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि ती फाइल निवडली. पुसून टाकायला एक बटण पुरतं. बोट बटणावर ठेवलं होतं. पण पुसणं माझ्याच्यानं झालं नाही. ती परत आणण्याइतकं अवघड काम माझ्या हातून दुसरं झालेलं नाही. शिवाय तोवर ढावलो तांड्यातल्या प्रत्येक मोबाइलवर गेला होता.

मी फाइल बंद केली. त्यानंतर मी ती ऐकलेली नाही.

कपाशी उपटून लोकांनी हरभरा पेरला. अपडेटचं दुसरं अपडेट आलं, डिस्क मरायच्या थांबल्या. दुकानात नेहमीची कामं सुरू झाली.

काल सकाळी मी एका लॅपटॉपचे स्क्रू काढत होते, तेव्हा देवसिंगकाकांचा फोन आला. आवाजात कौतुक मावत नव्हतं.

"काय वं पोरी, सांगितलं बी नाही आमाले?"

"काय, काका?"

"गोरबोली शिकून राह्यली ते! परवापासून याडीच्या ढावलोत ऐकून राह्यलो मी. म्हटलं, असा कवळा आवाज कोनाचा? मंग तुह्या काकूनं वळखला." ते हसले. "काल शेवटच्या ओळीले अडखळत होती तू. आज साफ म्हटली."