शेपटीवर बसलेलं विमान

नवी पेठेतल्या बांगड्यांच्या दुकानात एक धिप्पाड माणूस गेली दहा मिनिटं नखं घासायच्या फायली निवडत होता, आणि त्याच्या मागं उभ्या असलेल्या देवयानीचा पारा चढत चालला होता. तिला हवं होतं फक्त पिनांचं एक पाकीट. बाहेर एप्रिलचं ऊन, शाळेत शिकवून थेट आलेली ती, आणि हा बाबा एकेक फाईल अंगठ्यावर घासून बघतोय!

"ह्याच्यापेक्षा बारीक दाण्याची नाही का? आणि बिनरंगाची नेलपॉलिश दाखवा की."

"अहो, नखं तरी कुणाची आहेत एवढी?" देवयानीच्या तोंडून निघालंच.

तो वळला. कानापर्यंत लाल झाला. "नखं नाहीत... विमान आहे. लहान, प्लॅस्टिकचं. सांधे घासायचेत. जुनं जेट आहे, व्हँपायर म्हणून... तुम्हाला नाही माहीत असायचं."

झालं! देवयानीला 'तुम्हाला नाही माहीत असायचं' म्हटलेलं बिलकूल खपत नसे. "दोन शेपट्यांचं? चंदेरी? ज्याचं नाक लाकडाचं असायचं, ते?"

त्याच्या हातातली फाईल खाली पडली.

माहीत कसं नसणार? तिचे आजोबा, कमलाकरराव, तरुणपणी हवाई दलात त्याच विमानांचे मेकॅनिक होते. लहानपणी गोष्टींतल्या राक्षसांच्या जागी तिनं इंजिनं ऐकली होती. आता आजोबांची नजर जवळजवळ गेली होती. जूनच्या दुसऱ्या रविवारी त्यांना नव्वद पूर्ण होणार होती. ते विमान त्यांच्या हातात ठेवता आलं तर... तिनं तिथंच हे सगळं त्याला सांगून टाकलं.

"देतो की बनवून," तो म्हणाला. "दोन महिने म्हणजे लई झाले."

विरुपाक्ष त्याचं नाव. चिंचोळीच्या एमआयडीसीत इंजिनिअर. दुसऱ्याच दिवशी देवयानी जुळे सोलापुरातल्या त्याच्या घरी पोचली. त्याच्या आईनं, शिवम्मांनी, तिला कैरीच्या फोडी दिल्या. गच्चीच्या पायरीवर बसून तिनं त्या मीठ लावून खाल्ल्या, आणि समोर विरुपाक्ष विमानाचे दोन भाग चिकटवत बसला. किती सोपं वाटलं होतं तेव्हा सगळं!

मग सुरू झाली कारणं. आधी सांधा दिसत होता. मग चंदेरी रंग म्हणे स्टीलच्या डब्यासारखा दिसत होता, म्हणून सगळा खरवडून पुन्हा दिला. मग तर कहरच झाला.

"रंग वाळला नाही अजून."

"सोलापुरात? मे महिन्यात?" देवयानी ओरडलीच. "इथं दोरीवरची चादर अर्ध्या तासात कडक होते, विरुपाक्ष! माझ्या सहावीतली पोरंसुद्धा ह्यापेक्षा बरी कारणं देतात."

"रागावलीस की तुझं नाक..."

"काय माझं नाक?"

"काही नाही." आणि पुन्हा मान खाली, हातात ब्रश.

हे असं! वाक्य अर्धं, विमान अर्धं. एव्हाना 'अहो'चं 'अरे' झालं होतं, दर शनिवारी ती गच्चीवर हजर असायची, तो ब्रश हातात वाळेपर्यंत तिच्याकडे बघत राहायचा... आणि बोलायचा काय, तर रंगाविषयी. तिनंच बोलावं की काय आता? छे! तिला त्याचा राग यायचा. आणि तो आवडतो, ह्याचा त्याहून जास्त.

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी विमान झालं होतं, फक्त चाकं लावायची होती. ती गेले पंधरा दिवस तशीच पडून होती.

"लाव. आत्ता. माझ्यासमोर."

त्यानं कपाळावरचा घाम पुसला. तीन चाकं लावली, विमान टेबलावर ठेवलं आणि हात काढला. टक्! नाक वर, शेपट्या खाली. दाराशी बसलेल्या कुत्र्यासारखं ते बसलं.

"हे काय?"

"नाकात वजन घालायचं असतंय. शिशाचे छर्रे. चिकटवायच्या आधी." तो कसाबसा म्हणाला. "मी एकतीस विमानं बनवलीत, देवयानी. एकदासुद्धा विसरलो नाही. आता नाक कापायला लागेल. पंधरा दिवस दे..."

"उद्या नव्वदी आहे त्यांची! पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं? आणि विसरलास कसा तू?"

त्यानं शेपटीखाली काडीपेटीतल्या काडीचा तुकडा उभा केला. "एवढं तरी राहू दे."

रविवारी आजोबांसमोर टेबलावर विमान ठेवलं. दारापाशी विरुपाक्ष अंग चोरून उभा. आजोबांची बोटं पंखांवरून फिरली, दोन्ही शेपट्यांवरून फिरली, आणि त्यांचे डोळे भरून आले. देवयानीलाही रडू फुटलं. सगळी कारणं, सगळी दिरंगाई, तिनं त्या क्षणी माफ करून टाकली.

तेवढ्यात ती बोटं काडीपाशी थांबली. जुना मेकॅनिक! त्यांनी काडी काढली. टक्!

देवयानीनं डोळे मिटून घेतले. पण आजोबा खो खो हसत होते. "नाकातला भार राहिला! अरे, काम तर इतकं सुबक आहे. मग लक्ष कुठं होतं तुझं?"

विरुपाक्ष दारातून पुढं आला. "आजोबा... नाक चिकटवलं त्या संध्याकाळी ही पहिल्यांदा घरी आली. पायरीवर बसून कैरी खात होती. आंबट लागली की एक डोळा मिटायची. छर्रे हातातच राहिले. हिच्यावर जीव जडलाय माझा, तेव्हापासून."



"दोन महिने!" देवयानीचा आवाज फुटला. "दोन महिने मी तुझ्यासमोर बसतेय, आणि हे तू आजोबांना सांगतोस?"

"त्यांनी विचारलं की," तो म्हणाला.

ती तणतणत टेबलाशी आली आणि विमानाच्या नाकावर एक बोट टेकवलं. शेपट्या उचलल्या गेल्या, तीन चाकांवर विमान ऐटीत उभं राहिलं. बोट काढलं की बसणार, हे उघड होतं.

"आता काय? जन्मभर इथं बोट ठेवून बसू मी?"

विरुपाक्षनं कोपऱ्यातली खुर्ची उचलून आणली आणि तिच्यामागं ठेवली.

"बस की," तो म्हणाला.