आवाज काढून टाकलेली डबी

पटलं तर बघा. पटवून द्यायची मला हौस नाही, कारण हे माझ्याच घरात घडलंय. मंगळवारी, भर दुपारी साडेतीनला.

माझं काम छाटणीचं. छोट्या यंत्रांत जागा टीचभर. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, कापूनकुपून त्यात बसवायचा. एक भाग काढायचा, यंत्र चालू करून बघायचं. चाललं, की पुढचा काढायचा. बायको म्हणते, हा एक दिवस घरातल्या भिंतीही काढेल.

तेव्हा हातात श्वासावर लक्ष ठेवणारी डबी होती. छातीला पट्टा, उशाशी डबी. श्वास थांबला की ती वाजते. बाबांचा श्वास झोपेत अडकायचा, म्हणून चाचणीतली एक डबी मी घरीच लावली होती.

सोमवारी कर्नल काही केल्या मावेना. मी वैतागून आवाजाचा भागच उडवला. बघू, किती जागा सुटते.

आमच्याकडे नवा कर्नल चाचणीच्या सगळ्या डब्यांत आपोआप जातो.

मंगळवारी दुपारी, नवा कर्नल गेलेल्या डब्यांची यादी उघडली. तिसरं नाव... घरच्या डबीचं.



घरी फोन लावला. वाजत राहिला... वाजत राहिला...

आईने उचलला. तिला धाप लागली होती.

"अरे, डबी वाजली म्हणून धावले. हे निळे पडले होते. गदागदा हलवलं, तेव्हा कुठे श्वास आला."

ती डबी वाजूच शकत नव्हती.

घरी येऊन तपासलं. आवाजाचा भाग नव्हताच. भीतीने मी स्पीकरही उपटला, बॅटरीही काढली. बाबा शांत झोपले होते. छातीवर हात ठेवला. श्वास व्यवस्थित चालू.

आणि मग...

टीं... टीं... टीं...

बाबांनी डोळे उघडले नाहीत. फक्त हळूच म्हणाले, "हो, आलो."

उशाशी आता नवी डबी आहे. जुनी माळ्यावर. फेकवत नाही, तिच्यामुळेच बाबा वाचले. ठेवायचीही भीती वाटते.

परवा दुपारी माळ्यावरची ती डबी पुन्हा वाजली. मी धावत खोलीत गेलो. बाबा डोळे मिटूनच पलंगावर उठून बसले होते आणि पायाने चपला शोधत होते.

आई आता त्यांच्या चपला कपाटात कुलूप लावून ठेवते.