मियोची खाच

मियोच्या खाचेत झोगोची चार बोटं बसायला हवी होती. आज पाचवंही सहज मावलं.

झोगो दक्षिण चीनमधल्या आयलाओ डोंगरातल्या मोग्वा गावचा पाटकरी. ओढ्याचं पाणी पाटात येई, पाटात एक ओंडका आडवा टाकलेला, त्याला घरटी एक खाच. जेवढी खाच रुंद, तेवढं त्या घराच्या खाचरांना पाणी. खाचा झोगो कोरायचा आणि त्याची बायको आप्यू त्यांना तेल चोळायची. वीस वर्षांत तिसऱ्या कुणी ओंडक्याला हात लावला नव्हता.

"बघितलंस ना, झोगोभाऊ?" शेजारच्या खाचेचा लुसा निम्मा गाव गोळा करूनच आला होता. "विधवा म्हणून आपण कीव करायची आणि हिने आपलं पाणी ओढायचं."

"तुला कधी कळलं?"

"सकाळी. माझ्या खाचरातलं पाणी उतरलं, मासे पाठीवर ऊन घेत पडले होते."

"पटाशी आहे तुझ्याकडे?"

"आहे की. पंधरा घरांत असेल. पण पाणी काय माझ्याकडे वळलं?"

पाणीचोराची खाच पाचर ठोकून सुगीपर्यंत बंद करायची, हा गावचा कायदा. लावणीच्या तोंडावर मियोची सात खाचरं सुकली की बांधांना भेगा पडणार, बांध ढासळले की तिला गाव सोडावं लागणार. त्यात यंदा गावातलं पहिलं रोप लावायचा मान तिला मिळाला होता. तो बऱ्याच जणींच्या डोळ्यांत खुपत होता.

आप्यू झोगोची शिदोरी घेऊन आली. "पाचर ठोक आणि मोकळा हो. इतरांच्या वेळी नाही एवढी चौकशी करत."

झोगो खाली मियोच्या खाचरात उतरला. ती गुडघाभर चिखलात उभी होती. वरच्या बांधाला हातभर खिंडार पडलं होतं.

"हे कसं झालं?"

"काल खाचर रिकामं करून बांध लिंपला, भाऊ. ओल्या चिखलावर रात्री लोंढा आला."

"खाचर रिकामं केलंय हे कुणाला ठाऊक होतं?"

"मी कुठं दवंडी पिटली?"

"कुणावर संशय?"

"माझं बरं झालेलं कुणाला बघवतंय? नावं घेत बसले तर लावणी उरकेल."

झोगो मियोला घेऊन परत ओंडक्यापाशी आला. नव्या कापावर त्यानं ओंजळभर पाणी टाकलं. ते लाकडात मुरलं नाही, थेंब थेंब होऊन घरंगळलं. त्यानं अंगठा घासून हुंगला आणि तिथंच खाली बसला. आता घराची नाचक्की होणार होती. पण सकाळपासून त्याला भीती वाटत होती ती मियो गावातून जाईल याची, आणि हे आत्ता उमगल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"पाचर ठोकायची ना?" लुसानं विचारलं.

"ठोकायची. आधी ऐका. ज्याला पाणी हवं असतं, तो खाच खोल करतो. पाण्याखाली कोण बघतंय? रुंद केली की मी बोटं घालताच पकडणार, हे शेंबडं पोरही सांगेल. शिवाय मियोला काल पाणी नकोच होतं, आलं ते बांध फोडून गेलं. म्हणजे हे पाण्यासाठी नाही, ती पकडली जावी म्हणून केलंय."

"मग माझ्याकडे काय बघतोस?" लुसा म्हणाला.

"तू भांडखोर आहेस, पण लावणीच्या आठवड्यात स्वतःचं पाणी दुसऱ्याला देणारा नाहीस." दोघंतिघं हसले. झोगो हसला नाही. "चोरानं ताज्या कापाला चिखल फासला असता. इथं टंग झाडाच्या बियांचं तेल चोळलंय, लाकूड कुजू नये म्हणून. कोरलेलं लाकूड ज्याला कोरडं सोडवत नाही असं गावात एकच माणूस आहे. हाताला वीस वर्षांची सवय आहे, आप्यू."

आप्यूनं नाकारलं नाही.

"हो, मीच केलं. सगळ्यांच्या खाचेत एकदा हात घालतोस, हिच्या खाचेत दोनदा. ती भाऊ म्हणते आणि तू विरघळतोस. जळते मी, रोज जळते. पहिल्या रोपाला तिचं नाव कुणी सुचवलं, तेही सांग की गावाला."

लुसा ओंडक्याकडे बघत राहिला. मियो मान खाली घालून उभी होती. गावातल्या एका म्हाताऱ्यानं सुचवलं असं झोगोला सांगता आलं असतं, तो म्हातारा मरून गेल्यानं खोटं उघडंही पडलं नसतं.

"मी सुचवलं," तो म्हणाला.

मग त्यानं पाचर घेतली, स्वतःच्या घराच्या खाचेवर लावली आणि चार घावांत ठोकून बसवली. अडलेलं पाणी शेजारच्या खाचांतून चढून वाहू लागलं.

"यंदा आपल्या घरी भात नाही," आप्यू म्हणाली. "आता जेवायला कुणाच्या दारात जाणार आहेस, तेवढंही सगळ्यांसमोर सांगून टाक."