रिकामा काटा

आमच्या घरात दोन गोष्टींवरून भांडण होत नाही असं मला लग्न ठरताना सांगितलं होतं. एक देव आणि दुसरा वजनकाटा. देवावरून खरंच कधी झालं नाही. काट्यावरून मात्र मागच्या महिन्यात आठवडाभर धुसफूस चालली, आणि तीही विंडोजच्या निमित्ताने.

आडगाव नाका सोडून ओझरकडे जायला लागलं की सर्व्हिस रोडला लागून आमचा काटा आहे. ट्रकचं वजन करायचा, जमिनीत बसवलेला. लांबलचक लोखंडी प्लॅटफॉर्म, त्याला लागून मोठ्या खिडकीची केबिन आणि केबिनच्या मागे आमचं घर. कांद्याच्या दिवसांत देवळ्याकडचे ट्रक, द्राक्षाच्या दिवसांत पेट्यांचे टेम्पो, एरवी भंगार, वाळू, काय वाटेल ते. भरलेली गाडी चढते, वजन होतं. माल उतरवून ती रिकामी परत येते, पुन्हा वजन होतं. मोठ्यातून छोटं वजा केलं की मालाचं वजन. ड्रायव्हर पहिल्या वेळी गाडीत बसलेला असेल तर दुसऱ्या वेळीही बसायचं, एवढंच काय ते शास्त्र. यासाठी आमची साधना बी.एस्सी. कॉम्प्युटर झाली का, असं माझी आई अजून प्रत्येक दिवाळीत विचारते.

काटा माझ्या सासऱ्यांनी टाकला, बहिरूनानांनी. आता गाड्या आणि गिऱ्हाइकं माझा नवरा योगेश बघतो, केबिनमध्ये मी बसते. नानांकडे एकच काम उरलं होतं आणि ते त्यांनी कुणाला दिलं नाही. सकाळी पहिली गाडी चढायच्या आधी ते चप्पल काढून प्लॅटफॉर्मवर जायचे, केबिनजवळच्या कोपऱ्यात उभे राहायचे, बराच वेळ समोर बघायचे आणि मग हात वर करायचे. हात वर झाला की मी 'शून्य'चं बटण दाबायचं. म्हणजे अख्खा माणूस वर उभा असताना काटा शून्य करायचा. कुठल्याही काटेवाल्याला सांगा, तो डोक्याला हात लावेल.

नवीन लग्न झालेलं असताना मी विचारलं होतं. "पयल्यापासून असंच हाय," एवढं म्हणून ते चहा प्यायला निघून गेले. मीही ताणलं नाही, कारण हिशेबाला त्याने काही बिघडत नव्हतं. दोन्ही वजनांत तेवढीच खोट आली की वजाबाकीत ती आपोआप निघून जाते. शिवाय नाना उतरल्यावर आकडा उणे व्हायला हवा, तर आमचा जुना प्रोग्रॅम उणे दाखवायचाच नाही, सरळ शून्यं दाखवायचा. म्हाताऱ्या माणसाची एक लहर, म्हणून मी सोडून दिलं.

भांडणाचं कारण वेगळंच होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात रोज सूचना यायची की या विंडोजचा सपोर्ट संपला आहे, नवीन घ्या. मी रोज 'नंतर आठवण करून द्या' दाबत होते. पण कांदा घेणाऱ्या कंपनीला आता कागदाची पावती नको होती, वजन थेट त्यांच्या कॉम्प्युटरवर हवं होतं. ते काम फक्त नव्या प्रोग्रॅमला जमणार होतं आणि नवा प्रोग्रॅम जुन्या विंडोजवर चालणार नव्हता. मी म्हणाले, टाकून मोकळं होऊ. योगेश नेहमीप्रमाणे तळ्यात-मळ्यात. नाना म्हणाले, नको.

"का नको ते तरी सांगा," मी म्हणाले.

 काट्याच्या देखभालीला येणारा इंजिनिअर, सार्थक, त्या दिवशी चहाला थांबला होता. नानांनी माझ्याऐवजी त्याला विचारलं, "नव्यामदी मी उभा राह्यल्यावर शून्य मारता येतं का?"

"आजोबा, नव्याला शून्य मारावंच लागत नाही," सार्थक म्हणाला. "ते आपलं आपण बघतं."

नानांनी कप तसाच ठेवला आणि उठून गेले. मला वाटलं, चला, जिंकलो एकदाचे.

मंगळवारी सकाळी सार्थक आला. जुनी डिस्क काढून त्याने माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. नाही पटलं तर पाच मिनिटांत परत लावता येईल, म्हणाला. नव्या डिस्कवर नवं विंडोज, नवा प्रोग्रॅम. प्लॅटफॉर्मच्या खाली वजन पेलणारे सहा सेल आहेत. ते मागच्या वर्षीच बदललेले, पण जुना प्रोग्रॅम सगळ्यांची फक्त बेरीज दाखवायचा. नव्यात स्क्रीनवर प्लॅटफॉर्मचं चित्र होतं आणि सहा सेलच्या सहा चौकटी. कुठल्या जागी किती भार आहे ते वेगवेगळं दिसणार. सार्थक लग्नाचा अल्बम दाखवावा तशा कौतुकाने दाखवत होता.

प्लॅटफॉर्म रिकामा होता. पाच चौकटींत शून्य होतं. लांबच्या, उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत पासष्ट किलो.

"दगड अडकला असेल," सार्थक म्हणाला.

योगेश खालच्या खड्ड्यात उतरला, टॉर्च मारून आला. दगड नव्हता, चिखल नव्हता, काही मेलेलं नव्हतं. सार्थकने गाडीतली छापाची, म्हणजे सरकारी शिक्क्याची वजनं आणून त्या कोपऱ्यात ठेवली. वीस किलो ठेवले की वीस वाढायचे, काढले की पासष्ट उरायचे. सेल उत्तम होता. काटाही उत्तम होता. उन्हात लोखंड चमकत होतं आणि त्यावर काहीही नव्हतं. ओझरकडे उतरणाऱ्या विमानाची सावली प्लॅटफॉर्मवरून सरकत गेली.

मग आकडा कमी व्हायला लागला. साठ, पन्नास, तीस. मला हायसं वाटलं. पण शेजारची चौकट तितकीच भरत होती. एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकावा, पुन्हा पहिल्यावर घ्यावा, तसं ते चाललं होतं. सार्थकचं तोंड उघडं राहिलं. 

"वर जाऊन बघतो," तो म्हणाला आणि गेला.

तो अलीकडच्या कोपऱ्यात उभा राहिला. त्याचे पंचाहत्तर किलो त्या चौकटीत आले. लांबच्या कोपऱ्यातले पासष्ट निघाले. मधल्या चौकटीत आले. तिथून त्याच्या शेजारच्या चौकटीकडे यायला लागले. खिडकीतून मला फक्त सार्थक दिसत होता, कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघणारा.

"सार्थक, खाली या," मी म्हणाले.  तो उतरला.

तोवर नानांनी चप्पल काढली होती. ते वर गेले, आपल्या कोपऱ्यात उभे राहिले आणि समोर बघायला लागले. स्क्रीनवरचे पासष्ट किलो आले तसे मागे गेले. लांबच्या कोपऱ्यात जाऊन थांबले. मग हलले नाहीत.

भीती वगैरे नंतर वाटली. तेव्हा मी नुसती बधिर झाले होते. सार्थकने बॅग आवरली, साहेबांना विचारून सांगतो म्हणाला आणि गेला. छापाची वजनं प्लॅटफॉर्मच्या कडेला तशीच राहिली.

मी दारात जाऊन विचारलं, "नाना, काय आहे ते?"

"मला काय ठाव?" ते मान न वळवता म्हणाले. "मी सामने उभा राह्यलो, वरून शून्य मारलं, का दिसभर जागचं हालत नाय. एवढंच माहीत हाय. जुनं लाव, पोरी."

"निकिता रोज यावरून पळत येते, नाना."

"मंग? मी येडा हाय का रोज उभा राहायला?"

निकिता आमची मुलगी, दुसरीत आहे. शाळेची व्हॅन तिला दुपारी रस्त्यावर सोडते. बाजूने चांगली वाट आहे, पण ती प्लॅटफॉर्मवरूनच धावत येणार, लोखंड ढणढण वाजतं म्हणून. व्हॅन यायची वेळ होत आली होती.

योगेशही म्हणाला, जुनी डिस्क लाव. पाच मिनिटांचं काम होतं. मी ते केलं नाही. इतकी वर्षं माझी मुलगी त्या कशाच्या तरी अंगाजवळून पळत होती आणि मी स्क्रीनवरची शून्यं बघून पावत्या फाडत होते. आता निदान ते कुठे आहे हे मला दिसत होतं. जे दिसतंय त्यावर पुन्हा शून्य झाकून मुलीला त्यावरून येऊ देणं माझ्याच्याने होणार नव्हतं. मी योगेशला सांगितलं, तू फाटकात थांब, तिला कडेवर घे आणि बाजूच्या वाटेने आण. नानांना सांगितलं, ती घरात येईपर्यंत उतरू नका. मी स्क्रीनसमोर बसते. पुढचं पुढे बघू.

मी बसले. आकडा जागेवर होता.

मग देवळ्याचा कांद्याचा ट्रक आत आला. मागे अजून दोन गाड्या लागल्या. ड्रायव्हरने हॉर्न दिला, खिडकीतून डोकं काढलं. "काय शे बाबा? खाले उतर ना."

नानांनी माझ्याकडे बघितलं. मागच्या गाड्यांचेही हॉर्न सुरू झाले. एक गाडी, दोन मिनिटं, असा विचार करून मी त्यांना उतरायची खूण केली.

ट्रक चढला. टनांचे आकडे आले आणि पासष्ट किलो त्यात बुडून गेले. मी पावती काढली. ट्रक घरघरत पुढच्या बाजूने उतरला. नाना पलीकडच्या बाजूला उतरले होते, तो समोरून हलेपर्यंत ते तिकडेच अडकून पडले.

मी स्क्रीनवर शोधलं. ते मधल्या चौकटीत होतं.

मी डोळे तिथून काढले नाहीत.

मग फाटकाकडच्या चौकटीत वीस किलो आले.

क्षणभर मला वाटलं, सार्थकचं राहिलेलं वजन कुणीतरी वर ठेवलं.

वीस किलो पुढे सरकले. भराभर.

ढण, ढण, ढण.

मी मान वर केली. निळा फ्रॉक, पाठीला दप्तर. व्हॅन मागच्या गाड्यांच्या पलीकडे थांबली होती आणि योगेश गाड्यांच्या दुसऱ्या बाजूला तिला शोधत होता.

"निकिता, थांब," मी ओरडले.

ती थांबली. मी सांगितलं म्हणून थांबली, बरोबर प्लॅटफॉर्मच्या मध्यावर.

मधल्या चौकटीत पंच्याऐंशी किलो होते.

ती तशीच उभी राहून माझ्याकडे बघत होती, पुढचं काय ते मी सांगेन म्हणून.  मी नुसता हात हलवला. ती चालत आली आणि केबिनच्या बाजूने खाली उतरली.

सहाही चौकटींत शून्य आलं.

योगेश धावत आत आला. त्याने आधी मुलीला बघितलं, मग स्क्रीन बघितली, आणि धपकन खुर्चीत बसला. "झिरो आला," तो म्हणाला. "गेलं गं. नव्यानेच घालवलं." तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

नाना आत आले नाहीत. ते चप्पल हातात घेऊन प्लॅटफॉर्मच्या कडेला उभे होते, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत. "हितं नाय आता," ते स्वतःशीच म्हणाले.

निकिताने दप्तर बाकावर टाकलं. शाळेत आज नाचाची तयारी होती, म्हणून पाय दुखताहेत, म्हणाली. तिचा चेहरा नेहमीसारखा घामेजलेला होता, कपाळावरची टिकली सरकलेली होती. मी तिचे हात बघितले, गाल बघितले, सगळं ठीक होतं.  मला तिला फक्त घट्ट धरायचं होतं.

"मम्मी, उचल ना," ती म्हणाली आणि तिने माझ्या गळ्यात हात टाकले.

मी वाकले, तिच्या काखेत हात घातले आणि उचललं. ती वर आली नाही. मी पुन्हा जोर लावला. पाठीत कळ आली. मला वाटलं, थट्टा करतेय, हट्टाने पाय रोवून उभी आहे. म्हणून मी खाली बघितलं.

ती टाचा उचलून चवड्यांवर उभी होती, उडी मारायच्या तयारीत, मला सोपं जावं म्हणून.