पंप कोण चालू करतं?

"ताई, पंप पुन्हा चालू!" रुद्र धापा टाकत घरात आला.

हर्षालीनं विहिरीकडे धाव घेतली आणि पंप बंद केला. तोवर शेवंतीच्या वाफ्यात तळं साचलं होतं. सलग तिसरी सकाळ!

दिवाळीच्या सुट्टीत मखमलाबादला मामाकडे आलेल्या या बहीणभावांनी मोठ्या हौसेनं एक डबी बनवली होती. वाफ्यात खोचलेला सेन्सर माती ओली की कोरडी, एवढंच सांगायचा. डबीतला टायमर दर दहा मिनिटांनी त्याला विचारायचा. कोरडी असेल तर पंप चालू, ओली असेल तर बंद. किती सोपं!

"तुमच्या डबीनं मुळं कुजली माझी!" खंडेरावमामा कडाडले.

"तुमची नाही मामा, शेवंतीची," रुद्र पुटपुटला.

"दात काढू नको! उद्या दुपारपर्यंत नीट झाली नाय, तर डबी भंगारात!"

दिवसभर दोघं डबीशी झटली. वायरी बदलल्या. सेन्सर पाहिला, तर तो चिखलात मुकाट उभा, 'ओली' म्हणत!

"अकरा वेळा प्रोग्राम वाचला! चूक सापडतच नाही!" हर्षालीनं वैतागून वही भिरकावली.

रुद्रनं ती उचलून आणली. "ताई, आपण दर वेळी पंपाकडेच का धावतो? पंप बिचारा सांगितलेलं ऐकतो. सांगतो तो सेन्सर!"

"पण त्याला आपण दहा मिनिटांतून एकदाच विचारतो. मधे काय घडतं, कुणाला ठाऊक?"

"मग दर सेकंदाला विचार!"

हर्षालीचे डोळे चमकले. तिनं टायमर एका सेकंदावर आणला आणि पंपाच्या जागी भोंगा जोडला.

सकाळी साडेआठला भोंगा किंचाळला. पीं!

दोघं थेट वाफ्यात! मामा खुरपं घेऊन उकिडवे बसले होते. शेजारच्या काठीवर टॉवेलनं पुसून लख्ख केलेला सेन्सर लटकत होता!

"मामा, हे काय?"

"खुरप्यानं तुटंल म्हणून काढला. पाच मिन्टं खुरपतो, चहा पिऊन आलो की खोचतो परत. रोजचंच हाय!"

"तुम्ही चहा पिता, तो हवेत लटकून 'कोरडी, कोरडी' म्हणतो, आणि डबी पाणी सोडत बसते!" हर्षाली म्हणाली.

मामांनी पिवळ्या पडलेल्या रोपांकडे पाहिलं. "म्हणजे... मीच बुडवली की रं!" मग दोघांच्या पाठीवर थाप पडली. "लय हुशार हायेत पोरं! डबी इथंच राहील."

दुपारी डबीला एक बटण बसलं. खुरपणीआधी ते दाबलं, की पंप गप्प. पण सेन्सर मातीत परत जाईपर्यंत दर मिनिटाला भोंगा!

दुसऱ्या सकाळी मामांनी ऐटीत बटण दाबलं, खुरपणी उरकली, अन् चहाला बसले.

पीं!

"आलो, आलो!" हातात कप घेऊन मामा वाफ्याकडे पळत सुटले.