जोंजोंचा चोथा

लिंबे गावाच्या वरच्या डोंगरात, आंब्याच्या कुजक्या ओंडक्यांवर काळी अळंबी येतात. त्यांना जोंजों म्हणतात, आणि ती जिथे येतात त्या जुन्या ऊसमळ्यालाही जोंजोंच. मळ्यात गोऱ्या मालकांनी राबवून मारलेली माणसं पुरलेली आहेत. त्यांच्याच शेजारी गावाने पुढे आपली माणसं पुरली. म्हणून पहिलं अळंबं खुडताना तिथल्या एका मेलेल्याचं नाव घ्यायचं, जिवंताचं कधीच नाही. अळंबी भिजवून भातासाठी काळं पाणी गाळून घेतलं की उरलेला चोथा मळ्यात परत नेऊन टाकायचा.

मेलिसिया चाळीस वर्षं हे करत होती. तिची आठ वर्षांची मुलगी इव्होना तिथेच पुरलेली होती.

मार्चमध्ये दोर्वील नावाच्या श्रीमंताने मळा विकत घेतला आणि हॉटेलसाठी अकरा थडगी बुलडोझरने सपाट केली. मेलिसिया पाया पडली, तर म्हणाला, “सिमेंटच तर आहे गं!” जूनमध्ये त्याच माणसाला पाहुण्यांसाठी काळा भात हवा होता, आणि तो तिच्याइतका कोणाला जमत नव्हता.

ती त्याच्या घरी रांधायला गेली. भात सगळ्यांनी बोटं चाटून खाल्ला.

“मालक, चोथा कुठे टाकू?”

“अजून ते खूळ आहेच का? टाक कुठेही!” पाहुणे खदाखदा हसले.

“मळ्यात जागा उरली नाही, म्हणून विचारलं. इथेच ठेवते मग.”

तिने तो त्याच्या पलंगाखाली पसरला. फार दिवसांनी तिला बरं वाटलं.

आठवड्याने बोलावणं आलं. पाहुणे सगळे ठणठणीत होते. दोर्वील मात्र अंथरुणातून उठत नव्हता, आणि डॉक्टरला काही सापडत नव्हतं.

त्याच्या खोलीत गुळगुळीत फरशीवर अळंबी उगवली होती, दोरी लावून आखल्यासारख्या चौकोनांत. तिने मोजले. अकरा. खिडकीखालचा सगळ्यांत छोटा होता. तिने वितीने मापला. सहा विती. इव्होनासाठी तेवढीच जागा तिने मापून दिली होती.

“काढ ही घाण,” दोर्वील पलंगावरून पुटपुटला. “मळा परत देतो तुम्हाला. काढ गं.”

“थडगी देता?”



पलंगालगत बारावा चौकोन होता. पुरुषभर लांब.

मेलिसियाने टोपली खाली ठेवली. वाकून पहिल्या अळंब्याला हात घातला.

“दोर्वील,” ती म्हणाली.

त्याने ओ दिली. पलंगावरून नाही, फरशीखालून.